पोर्ट, शेरी, मदेरा : एक रसचर्चा

ज्या भाषेत रायवळ, पायरी आणि हापूस यांतील भेद शाळकरी मुलासही विचारावा लागत नाही, ज्या भाषेत एका भाताच्या चवीवरून आंबेमोहोर की कोलम हे ओळखणाऱ्या आजीबाई घरोघरी आहेत, त्या भाषेत द्राक्षापासून, मोहापासून, काजूपासून व जवापासून होणाऱ्या यच्चयावत् पेयांस व्यवहारात एकच शब्द पुरावा, ही गोष्ट सहजासहजी घडलेली नाही. तो शब्द 'दारू' होय. आणि तोच शब्द आपण बंदुकीच्या भुकटीलाही लावतो. ताडी आणि माडी यांची नावे तेवढी वेगळी राहिली. बाकी सर्व एका पिंपात. ज्या वस्तूची केवळ भीती बाळगायची, तिच्यातील भेद कोणी शिकत नाही. परंतु आज ठाणे-डोंबिवलीच्या सुशिक्षित घरांतून वाइनची बाटली येऊ लागली आहे, ती दिवाणखान्यात येऊन बसली आहे, आणि तिच्याविषयी बोलावयाची वेळ आली की यजमान आणि पाहुणे दोघेही इंग्रजीत शिरतात. वस्तू घरात आणि शब्द घराबाहेर, अशा स्थितीत अभिरुची वाढत नाही; वाढतो तो केवळ डौल. म्हणून या विषयाची चर्चा मराठीत झाली पाहिजे, आणि ती भाटगिरीची वा निंदेची नसून टीकेची असली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या प्रांतात मार्गदर्शक म्हणून इंग्रजी शिकलेल्या मनुष्यापुढे दोन ग्रंथ उभे राहतात. एक आपला, राम गणेश गडकऱ्यांचा 'एकच प्याला'. दुसरा जॉर्ज सेंट्सबरी याचा 'नोट्स ऑन ए सेलर-बुक', म्हणजे १९२० साली निघालेले एका तळघराचे टिपण. पहिले नाटक गडकऱ्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. आणि सिंधूच्या भूमिकेतील बालगंधर्वांनी महाराष्ट्राच्या डोळ्यांतून जे पाणी काढले, ते अजून पुरते सुकलेले नाही. दुसऱ्या ग्रंथाचा कर्ता एडिंबरो येथे साहित्याचा प्राध्यापक होता. त्याचा टीकाशास्त्राचा इतिहास आमच्या पिढीच्या गुरूंनी घोकला होता. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर या पंडिताने आपण आयुष्यभर काय प्यालो याची नोंद लिहिली, आणि ग्रंथारंभीच शेरी, मदेरा व पोर्ट यांस मानाची आसने दिली.

या दोन्ही ग्रंथांत सत्य आहे, आणि दोन्ही ग्रंथांतले सत्य अर्धे आहे. सुधाकराच्या प्याल्यात नेमके काय आहे, याला गडकऱ्यांच्या नाटकात महत्त्व नाही, आणि नसावेच. कारण त्यांचा विषय पेय नसून पतन हा आहे. पिणाऱ्याचे बिल पिणारा भरीत नाही, ते सिंधू भरते, हा त्यांचा सिद्धान्त. आणि तो आजच्या कोणत्याही वस्तीत खरा आहे. उलट सेंट्सबरीच्या तळघरात सिंधू नाहीच. तेथे बाटल्या आहेत, साले आहेत, मित्रमंडळी आहे आणि दारूबंदीवाल्यांची यथेच्छ टवाळी आहे. पण ती बाटली भरण्यासाठी उतरंडीच्या मळ्यांतून राबणारा मजूरही नाही आणि रिकामी झाल्यावर घर सावरणारी बाईही नाही. शिवाय टीकाकार या नात्याने त्याचा एक दोष आम्हांस विशेष जाणवतो. तो चव सांगत नाही, चवीची आठवण सांगतो. अमुक सालची पोर्ट तमुक मेजवानीत कशी रंगली, हे तो खुबीने लिहितो. पण ती जिभेवर कशी लागते, हे ज्याने ती कधी घेतली नाही त्याला त्याच्या पानांवरून क्वचितच कळेल. ही उणीव भरून काढण्यास मराठी असमर्थ नाही. भरतमुनींनी नाट्यातील रस समजावताना दृष्टान्त घेतला तो व्यंजने घालून सिद्ध केलेल्या अन्नाचा. जी परंपरा स्वयंपाकघरातून काव्यशास्त्रात गेली, तिला उलट वाटेने एकदा परत येण्यास हरकत नसावी.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा किण्व नावाचे सूक्ष्म जीव त्यातील साखर खातात आणि तिचे मद्यार्क करतात. साखर संपली की काम थांबते, आणि साधी, बहुधा कोरडी, वाइन तयार होते. इंग्रजीत जिला फॉर्टिफाइड वाइन म्हणतात, तिच्यात द्राक्षाच्याच वाइनचा ऊर्ध्वपातनाने काढलेला अर्क वरून घातलेला असतो; म्हणून आम्ही तिला 'अर्कपुष्ट' वाइन म्हणू. मद्यार्क शेकडा पंधरा-सोळाच्या वर गेले की बहुतेक किण्व तग धरीत नाही. अर्क केव्हा घातला, यावर सारे अवलंबून आहे. आंबण्याच्या ऐन भरात घातला तर उरलेली साखर तशीच राहते आणि वाइन गोड होते. ही पोर्टची रीत. आंबणे पुरे झाल्यावर घातला तर मूळ वाइन कोरडीच राहते. ही शेरीची रीत. आपल्याकडील द्राक्षासव वा द्राक्षारिष्ट यांच्याशी कित्येक जण या वाइनची सांगड घालतात, ती बरोबर नाही. आसवारिष्टांत धायटीच्या फुलांच्या साहाय्याने जे मद्यार्क आपोआप उत्पन्न होते तेवढेच. वरून अर्क ओतण्याची रीत तेथे नाही.

पोर्टची जन्मभूमी पोर्तुगालातील दोउरो नदीचे खोरे. पाटीसारख्या फुटणाऱ्या खडकावर पायऱ्या खोदून तेथे वेली लावल्या आहेत. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनला इंग्लंडात फ्रेंच वाइनपेक्षा जकातीची सवलत मिळाली, व्यापार फोफावला, आणि व्यापाराबरोबर भेसळही. तेव्हा १७५६ साली मार्क्विस पोंबाल याने या खोऱ्याच्या हद्दी आखून दिल्या. पुढे अर्क घालणे हीच भेसळ आहे, असा पुकारा करणारा एक विलक्षण मनुष्य निघाला. जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी. त्याने १८४४ साली एका पुस्तिकेत अर्क, साखर आणि एल्डरच्या फळांचा रंग या सर्वांवर हत्यार उपसले. १८६१ साली हा गृहस्थ त्याच दोउरो नदीत बुडून मरण पावला, आणि त्याचा पक्षही त्या काळापुरता बुडाला. टीकेच्या दृष्टीने हा वाद मोठा मार्मिक आहे. बाहेरून आणलेली वस्तू कलाकृतीला भ्रष्ट करते की तिचे रूप घडवते? मराठी नाटकात पदे घातली तेव्हाही हाच वाद झाला होता. आमचे उत्तर असे की, जे झाकण्यासाठी घातले ती भेसळ, आणि जे घडविण्यासाठी घातले तो घाट. एल्डरचा रंग झाकण्यासाठी होता, म्हणून तो गेला. अर्क घडविण्यासाठी ठरला, म्हणून तो राहिला. शिवाय आज दोउरोत बिनअर्काची उत्तम कोरडी वाइनही होते. म्हणजे फॉरेस्टर निम्मा तरी बरोबर होता.

पोर्टमध्ये द्राक्षे चेपून आंबावयास लागली की दोन-तीन दिवसांत, निम्मी साखर शिल्लक असतानाच, शेकडा ७७ मद्यार्काचा अर्क साधारणतः चार भाग रसाला एक भाग या प्रमाणात घालतात. तयार पोर्ट शेकडा १९ ते २२ बळाची असते. येथून तिचे दोन मार्ग फुटतात. 'रूबी' ही तरुण, तांबडी. तिच्यात जांभळाचा आणि पिकलेल्या करवंदाचा भास होतो, आणि मागे जिभेवर किंचित तुरटपणा राहतो. तीच वाइन लहान पिंपांत वर्षानुवर्षे हवा खात राहिली की रंग उतरून विटकरी होतो, आणि ती 'टॉनी' म्हणून ओळखली जाते. दहा, वीस, तीस, चाळीस वर्षांच्या सरासरी वयाचे आकडे तिच्या बाटलीवर असतात. तिच्यात फळ मागे सरते आणि सुके अंजीर, अक्रोड, संत्र्याची वाळकी साल आणि काकवी पुढे येतात. 'व्हिंटेज' ही तिसरी. एकाच चांगल्या सालची, पिंपात जेमतेम दोन वर्षे राहून पुढे बाटलीत दशके काढणारी. तिला प्रतिष्ठा सर्वांत अधिक. परंतु नवशिक्याने तिच्या मागे लागू नये. मोरोपंतांच्या आर्यांनी जशी कोणी मराठी शिकण्यास सुरुवात करीत नाही, तसेच हे.

शेरी ही स्पेनमधील हेरेस शहराची. ती गोडच असते हा आपल्याकडील सार्वत्रिक समज सर्वस्वी खोटा आहे. तिच्यातील 'फिनो' ही जगातील अत्यंत कोरड्या वाइनांपैकी एक. पिंपे पुरती न भरता वर मोकळी जागा ठेवतात, आणि शेकडा १५ च्या बळावर वाइनच्या पृष्ठभागी किण्वाची एक पांढुरकी साय धरते. दुधावरची साय जशी खालच्या दुधाला हवेपासून राखते, तशी ही साय वाइनला राखते. म्हणून फिनो फिकी राहते. तिला आंबवलेल्या पिठाचा, कच्च्या बदामाचा आणि किंचित खारा वास येतो. पहिल्या घोटाला ती पुष्कळांना आवडत नाही. कारल्याची भाजी तरी पहिल्या घासाला कोणाला आवडली आहे? बळ शेकडा १७ वर नेले की साय धरत नाही, हवा आत शिरते, आणि 'ओलोरोसो' तयार होते: गडद, अक्रोडासारखी, सुगंधी, तरी कोरडी. या दोहोंच्या मध्ये 'अमोंतियादो'. प्रथम सायीखाली वाढलेली, मग हवेत प्रौढ झालेली. एडगर अॅलन पो याच्या १८४६ सालच्या कथेमुळे हे नाव आमच्या महाविद्यालयांतून वर्षानुवर्षे घोकले जाते. त्या कथेतील गर्विष्ठ रसिक आपल्या प्रतिस्पर्ध्याला अमोंतियादो आणि शेरी यांतला फरक कळत नाही म्हणून हिणवतो. अमोंतियादो ही शेरीचाच एक प्रकार आहे, हे ठाऊक नसेल तर त्या वाक्यातला उपरोध निसटतो आणि तो मनुष्य खरोखरीचा जाणकार वाटू लागतो. शेवटी 'पेद्रो हिमेनेस'. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, जवळजवळ काळी, मनुका आणि गुळाच्या पाकाची आठवण देणारी. ती चमच्याने घेण्याची वस्तू.

शेरीचे मुरणे 'सोलेरा' पद्धतीने होते. पिंपांच्या रांगा असतात. सर्वांत जुन्या रांगेतून थोडी वाइन काढावयाची, तिची जागा तिच्याहून धाकट्या रांगेतून भरावयाची, आणि असेच वर वर जावयाचे. जुनी रांग कधीच पुरती रिकामी होत नाही. परदेशी लेखक हे समजावण्यास पानेच्या पाने खर्चितात. मराठी गृहिणीस 'विरजण' म्हटले की पुरे. कालच्या दह्याने आजचे दूध लावावयाचे, आजच्याने उद्याचे. म्हणूनच सोलेराच्या शेरीला साल नसते. व्हिंटेज पोर्टला असते. एकीत परंपरा बोलते, दुसरीत एक विशिष्ट वर्ष.

आणि आता मदेरा. नावावरून आपला 'मदिरा' शब्द आठवणे स्वाभाविक आहे. पण पोर्तुगीजांत 'मदेरा' म्हणजे लाकूड, आणि त्या जंगलव्याप्त अटलांटिक बेटाला ते नाव पडले. दोन शब्दांचे नाते लावू पाहणाऱ्यांनी हा मोह आवरावा. मात्र या वाइनचे हिंदुस्थानशी नाते खरे आहे, आणि ते कोशातले नसून समुद्रातले आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडे येणारी जहाजे या बेटावर पिंपे चढवीत. उष्ण कटिबंधातून, तापलेल्या तळखणात हिंदकळत, ही पिंपे हिंदुस्थानपर्यंत येत. आणि जी न विकता परत जात, ती बिघडण्याऐवजी सुधारलेली आढळली. अशा फेरी करून आलेल्या वाइनला पोर्तुगीजांत 'फेरीची वाइन' असे नावच पडले आणि तिला अधिक मोल आले. शेरीचाही असाच प्रवास होई. 'ईस्ट इंडिया' हे नाव काही शेऱ्यांवर अद्याप टिकून आहे. पुढे प्रवासाऐवजी घरीच उष्णता देऊ लागले. साधी मदेरा तीन महिने ४५ ते ५० अंशांवर तापवितात. उत्तम मदेरा छपराखालच्या माळ्यावर पिंपांत वर्षानुवर्षे उन्हाने तापू देतात. सेर्सियाल, वेर्देल्यो, बुआल, माल्वाझिया या द्राक्षांच्या नावांनी तिचे कोरडेपणाकडून गोडीकडे जाणारे चार प्रकार ओळखले जातात. भाजलेली साखर, चिंचेसारखी तरतरीत आंबट धार आणि जळक्या लाकडाचा पुसट वास, हे तिचे लक्षण. जे जे वाइनचे शत्रू, ऊन आणि हवा, त्यांच्याच हातून ती घडते. म्हणून पुढे तिला कोणी बिघडवू शकत नाही. उघडलेली बाटली महिनोन्महिने टिकते, आणि शंभर वर्षांची मदेरा पिण्याजोगी असते.

ठाणेकराला पोर्तुगीज वस्तू परकी म्हणण्याचा अधिकार नाही. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, तोपर्यंत येथे पोर्तुगिजांचीच सत्ता होती. आणि ठाण्या-वसईच्या ख्रिस्ती घरांतून नाताळासाठी द्राक्षांची वा मनुकांची वाइन घालण्याची रीत होत आली आहे. परंतु येथे एका नाजूक प्रश्नाला हात घातला पाहिजे. गोव्याची सहल करून येणारा मराठी मनुष्य 'पोर्ट' म्हणून जी स्वस्त, गोड, तांबडी बाटली घेऊन येतो, तिचा दोउरोच्या खोऱ्याशी संबंध केवळ नावाचा आहे; तिची द्राक्षेही गोव्याच्या मळ्यांतली नव्हेत, ती घाटावरून येतात. गोव्याच्या लग्नांत आणि सणांत त्या वाइनला स्थान आहे, आणि कोणाच्या आनंदाला नाक मुरडणे हे टीकेचे काम नाही. परंतु नावाबद्दल बोलणे हे टीकेचे कामच आहे. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटले आणि त्याची कापिशायन व हारहूरक ही नावे त्याच्या देशावरून पडली असे स्पष्ट नोंदविले. म्हणजे वाइनने आपल्या भूमीचे नाव धारण करावे, हा नियम आपल्याला पोंबालपूर्वी दोन हजार वर्षे ठाऊक होता. काजूच्या फेणीने उसने नाव घेतले नाही. म्हणून २००९ साली तिला भौगोलिक निर्देशाची नोंद मिळाली. नाशिकच्या वाइननेही स्वतःच्या खोऱ्याचे नाव नोंदविले आहे. मग गोव्याच्या या गोड वाइननेच जन्मभर परक्याच्या नावावर का जगावे? तिला स्वतःचे नाव मिळेल, त्या दिवसापासून तिची तुलना थांबेल आणि परीक्षण सुरू होईल.

दुसरी एक लबाडी आपल्या घरांतली आहे. पोर्ट ही 'टॉनिक' आहे, तिने रक्त वाढते, अशक्त माणसाला आणि बाळंतिणीला दोन चमचे द्यावी, अशी समजूत कित्येक सोवळ्या कुटुंबांतूनही होती व आहे. दारू निषिद्ध, पण औषधाच्या कपाटात ठेवली की पवित्र! या समजुतीला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्यपेयांचा समावेश कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केला. आणि मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, असे त्या संघटनेने २०२३ साली पुनश्च बजावले. तेव्हा ज्याला घ्यावयाची त्याने रुचीसाठी घ्यावी आणि तसे म्हणावे. प्रकृतीचे निमित्त करू नये.

हे ध्यानी ठेवून ज्याला या वाइनांचा परिचय करून घ्यावयाचा असेल, त्याने काय करावे? प्रथम कायदा. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अद्याप चालू आहे आणि बाळगण्या-पिण्यास परवाना लागतो, तो काढावा. नंतर हिशेब. शेकडा २० बळाच्या पोर्टचे ६० मिलिलिटर म्हणजे १२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगाइतकेच जवळजवळ. गोडी हे गणित विसरावयास लावते, हाच या वाइनांचा खरा धोका. म्हणून पेला लहान असावा आणि एकदाच भरावा. 'खोलीच्या तापमानाला' हा युरोपीय उपदेश आमच्या खोपटात लागू नाही. तेथील माळा वैशाखात मदेराच्या माळ्याशी स्पर्धा करील. फिनो चांगली गार करावी आणि उघडल्यावर आठवड्याच्या आत संपवावी. टॉनीही थोडी गारच बरी, ती शीतकपाटात महिना-दीड महिना टिकते. चार मित्रांनी मिळून एकेक बाटली आणावी आणि दोन प्रकार शेजारी ठेवून चाखावे. तुलनेवाचून भेद कळत नाही. फिनोबरोबर खारवलेले काजू किंवा तळलेले बोंबील, ओलोरोसोबरोबर अक्रोड, टॉनीबरोबर चिरोटे वा अनारसे, आणि बुआल मदेराबरोबर पुरणपोळी. गुळाची गोडी आणि त्या वाइनची आंबट धार यांचा जो मेळ जमतो, तो जमविणारा स्वयंपाकी पोर्तुगालात जन्मला नाही.

यावर विचारी वाचक म्हणेल, ही सारी रसिकता म्हणजे तळीरामाच्या आर्यमदिरा मंडळाची सुधारलेली आवृत्ती नव्हे काय? आक्षेप हलका नाही. चोखंदळ मनुष्य व्यसनी होत नाही असे सांगणारे लोक आहेत. ते खोटे बोलतात. चोखंदळ व्यसनी पुष्कळ होऊन गेले. भेद ओळखता येणे म्हणजे संयम नव्हे, आणि ज्या घरात एका माणसाच्या पिण्याने दुसऱ्याचे डोळे ओले होत असतील, त्या घरासाठी या लेखातील एकही ओळ नाही. त्यांच्यासाठी गडकरी लिहून गेले आहेत. परंतु न पिणाऱ्यालाही ज्ञानाचा हक्क आहे. शेक्सपिअरमधला फॉलस्टाफ ज्या 'सॅक'चे गोडवे गातो ती शेरीच्या कुळातली, इतिहासातला क्लॅरेन्सचा ड्यूक ज्या माम्झीच्या पिंपात बुडविला गेला असे सांगतात तिचे नाव माल्वाझियाचेच, हे कळण्यासाठी घोट घ्यावा लागत नाही. आणि पिणाऱ्याला तर ते अधिकच हवे; कारण नाव नसलेल्या वस्तूचा विचार करता येत नाही, आणि जिचा विचार करता येत नाही तिच्यापुढे मनुष्य एकतर पळतो किंवा शरण जातो. मराठी समाजाने या दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. आता पेला उजेडापुढे धरून त्यात काय आहे ते आपल्या भाषेत सांगावे, आणि मग तो ओठाला लावावयाचा की खाली ठेवावयाचा, हे शुद्धीवर असतानाच ठरवावे.